पुलाचे वय वजनकाट्यावर

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या काठच्या मांडवगण फराट्यासारख्या गावांचे वर्ष दोन असमान भागांत वाटलेले असते. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात, फडांत टोळ्या उतरतात आणि पुढचे चार-साडेचार महिने ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक, टायरच्या बैलगाड्या आणि जुगाडे न्हावरे, पाटस, आलेगाव, श्रीगोंदा अशा चारी दिशांना ऊस ओढत राहतात. उरलेल्या महिन्यांत त्याच रस्त्यांवर दुधाचे टँकर, एसटी, मोटारसायकली आणि अधूनमधून वाळू-खडीचे डंपर धावतात. या रस्त्यांवरचा पूल किंवा त्यावरून जाणाऱ्या ट्रॉलीची चेसिस किती दिवस टिकेल, असे विचारले तर उत्तर वर्षांत मिळते: पूल शंभर वर्षांचा, ट्रॉली पंधरा-वीस वर्षांची. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे, की धातूच्या थकव्यापुरते तरी हे वर्षांतले उत्तर निरुपयोगी आहे. थकव्याने संपणारे आयुष्य ठरते ते ताण किती वेळा आणि किती पल्ल्याने वर-खाली झाला यावरून, आणि त्या हिशेबातली सर्वांत मोठी अनिश्चितता पोलादात नसून त्यावर येणाऱ्या भारात असते. ज्याला अंदाज सुधारायचा आहे त्याने सूत्रे बारीक करत बसण्यापेक्षा आधी भार मोजावा. उसाच्या पट्ट्यात तर त्या भाराची मोठी नोंद आधीच लिहिली जाते, फक्त पुलाचा हिशेब करणारे तिच्याकडे वळत नाहीत.

थकवा म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. एखादा पोलादी चॅनल एका भाराखाली वाकून मोडायला जेवढे वजन लागते, त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वजनाने तो मोडू शकतो. मात्र ते वजन लाखो वेळा यावे आणि जावे लागते. प्रत्येक फेरीत कुठल्यातरी कोपऱ्यात, भोकाच्या कडेला किंवा वेल्डिंगच्या पायथ्याशी धातू अतिसूक्ष्म प्रमाणात सरकतो. तिथे तडा धरतो, तो कणाकणाने वाढतो आणि उरलेला छेद भार पेलेनासा झाला की एके दिवशी, बहुधा अगदी साध्या खेपेला, तुकडा पडतो. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतातल्या खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी खाणीच्या साखळ्या वारंवार भाराखाली ठेवून केलेले प्रयोग १८३७ मध्ये प्रसिद्ध केले. पण या शास्त्राचा पाया घातला तो प्रशियन रेल्वेतील ऑगस्ट व्योलर यांनी, डब्यांच्या मोडणाऱ्या एक्सलांचा पाठपुरावा करताना. व्योलर यांचे नाव आज प्रयोगशाळेतल्या फिरत्या नमुन्यांच्या चाचण्यांशी जोडले जाते. त्यांच्या कामाचा क्रम मात्र फारसा सांगितला जात नाही. १८५८ मध्ये त्यांनी आधी धावत्या डब्यांना स्वतः बनवलेली उपकरणे बसवली, एक्सल प्रत्यक्ष प्रवासात किती वाकतो याच्या रेघा जस्ताच्या पत्र्यावर उमटवून घेतल्या आणि त्यानंतर पोलाद आणि लोखंड यांच्या सहनशक्तीच्या चाचण्या केल्या. आधी भार, मग धातू. पुढच्या दीडशे वर्षांत आपण दुसरा भाग खूप पुढे नेला, पण पहिला अनेक ठिकाणी गृहीत धरून मोकळे झालो.

भार एवढा निर्णायक का, ते एका घातांकात आहे. वेल्डिंग केलेल्या पोलादी जोडाचे आयुष्य ताणाच्या पल्ल्याच्या साधारण घनाच्या उलट प्रमाणात बदलते. भारतीय मानक आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीतही पन्नास लाख आवर्तनांपर्यंत हाच तिसरा घात आहे आणि त्यापुढे पाचवा. पल्ला दुप्पट झाला तर एका फेरीतली हानी आठपट होते. हा हिशेब कागदावर किरकोळ दिसणाऱ्या बदलांनाही लागू पडतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांचे कायदेशीर एक्सल-वजन वाढवले. चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. वाढ सुमारे १३ टक्क्यांची. पण त्याच एक्सलखाली ज्या वेल्डला ताण बसतो, त्याची एका फेरीतली हानी ११.५ भागिले १०.२ च्या घनाने, म्हणजे ४३ टक्क्यांनी वाढली. जुन्या मर्यादेवर आखलेल्या पुलाच्या अशा भागाचे ७० वर्षांचे आयुष्य, प्रत्येक वाहन मर्यादेइतकेच भरले असे मानले तर, एका अधिसूचनेने ४९ वर्षांवर येते. पूल आहे तसाच आहे, काँक्रीटचा एक टवका उडालेला नाही, तरी त्याच्या उरलेल्या आयुष्यातली दोन दशके गेली.

इथे एक आक्षेप लगेच येतो: सुरक्षिततेचा गुणक कशासाठी असतो मग? अभियंत्याने दीडपट-पावणेदोनपट राखून ठेवलेलीच असते की. पण तो राखीव साठा एकदाच येणाऱ्या मोठ्या भारासाठी आहे. थकव्याची झीज त्या मर्यादेच्या बरीच खाली, रोजच्या कायदेशीर वजनाखालीही सुरूच असते. दुसरे असे, की चांगले पोलाद वापरून इथे सुटका होत नाही. जास्त मजबूत पोलादाचा वेल्ड साध्या पोलादाच्या वेल्डपेक्षा थकव्यात जवळजवळ तसूभरही सरस ठरत नाही, कारण तड्याची सुरुवात वेल्डच्या पायथ्याशी आधीच असलेल्या सूक्ष्म खाचांतून होते. आकार आणि जोड यांना महत्त्व आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट इथला यलो मिल पाँड पूल १९५८ मध्ये खुला झाला आणि १९७० मध्ये, अवघ्या बारा वर्षांत, त्याच्या एका तुळईला मोठा तडा सापडला. तुळई मजबूत करण्यासाठी तिच्या खालच्या पट्टीवर जी जादा पट्टी वेल्ड केली होती, तिच्या टोकाशीच तडा सुरू झाला होता. आपल्याकडे चेसिसला तडा गेला की वरून पट्टी मारून आडवा वेल्ड ओढतात. चेसिसची ताकद वाढते हे खरे, पण त्या पट्टीची दोन टोके म्हणजे नव्या तड्यांच्या दोन जागा होतात. हंगामाच्या घाईत दुसरा इलाज नसतो हे मान्य केले, तरी पट्टीचे टोक कुठे संपवायचे आणि वेल्ड कोणत्या दिशेने घ्यायचा, एवढे जरी फॅब्रिकेशनच्या दुकानांपर्यंत पोचले तरी अनेक ट्रॉल्यांचे हंगाम वाढतील.

आता यादृच्छिक भाराकडे येऊ. प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर एकच पल्ला लाखो वेळा लावला जातो. रस्त्यावर कुठलीही खेप मागच्या खेपेसारखी नसते. मग सरासरी काढावी, असे मनात येते. ती फसवी का ठरते ते पाहा. दहा खेपांपैकी नऊ खेपांत ताणाचा पल्ला १ एकक आणि एका खेपेत ४ एकके आहे, असे धरा. सरासरी १.३ येते आणि तिचा घन जेमतेम २.२. पण घनांची सरासरी काढली तर (९ अधिक ६४) भागिले १०, म्हणजे ७.३. सरासरी भारावर विसंबणाऱ्याने हानी तिपटीहून कमी धरली. शिवाय एकूण ७३ पैकी ६४ वाटा, म्हणजे सुमारे ८८ टक्के, त्या एकट्या जड खेपेचा आहे. म्हणून थकव्याच्या बाबतीत रहदारीची मोजणी ‘दिवसाला इतकी वाहने’ अशी करणे म्हणजे नेमकी महत्त्वाची गोष्ट टाळणे. मोटारसायकली आणि जीपगाड्या कितीही असोत, त्या हिशेबात जवळपास शून्य. वितरणाच्या शेपटाकडे असलेली थोडीशी अतिजड वाहने जवळजवळ सगळे आयुष्य खाऊन टाकतात.

वेगवेगळ्या पल्ल्यांची हानी एकत्र कशी करायची, याचे सोपे उत्तर बॉल बेअरिंगांवर काम करणारे स्वीडिश अभियंते आरविड पामग्रेन यांनी १९२४ मध्ये दिले आणि डग्लस या विमान कंपनीतील मिल्टन मायनर यांनी १९४५ मध्ये ते विमानांच्या धातूवर तपासले. एखादा पल्ला एकटाच लावला तर तुकडा दहा लाख फेऱ्यांनी मोडतो. मग त्या पल्ल्याची एक फेरी म्हणजे आयुष्याचा दहा लाखावा हिस्सा खर्च. असे सगळे हिस्से मिळवत जायचे आणि बेरीज एकावर पोचली की आयुष्य संपले. सूत्र इतकेच. पण त्याआधी ‘एक फेरी’ कोणती, हे ठरवावे लागते, आणि वेड्यावाकड्या नोंदीत तेच अवघड आहे. समजा, तुळईतला ताण शून्यावरून ६० वर गेला, ५० वर उतरला, पुन्हा १०० वर चढला आणि शून्यावर आला. शेजारशेजारच्या शिखर-दऱ्या मोजल्या तर ६०, १०, ५० आणि १०० अशा चार अर्ध्या फेऱ्या मिळतात आणि घनांनी केलेली हानी ६ लाख ७१ हजार येते. प्रत्यक्षात धातूने काय अनुभवले? शून्य ते शंभर आणि परत, अशी एक पूर्ण मोठी फेरी, आणि तिच्या चढावर १० ची एक छोटी फेरी. हानी १० लाख १ हजार. चुकीच्या मोजणीने तिसरा हिस्सा हरवला. जपानमध्ये मात्सुइशी आणि एंदो यांनी १९६८ मध्ये यावर पागोळी-मोजणीचा मार्ग काढला. ताणाचा आलेख उभा धरायचा, म्हणजे तो एकावर एक छपरे असलेल्या पॅगोडासारखा दिसतो. मग पावसाचे पाणी प्रत्येक छपरावरून उतरते आणि पागोळीने खालच्या छपरावर पडते, तसे आलेखावरून उतरायचे आणि प्रवाह कुठे सुरू होतो, कुठे दुसऱ्याला भेटून थांबतो, यावरून फेऱ्या जोडायच्या. कल्पना खेळकर वाटेल, पण तिच्यामागे भक्कम कारण आहे. अशा रीतीने जोडलेली प्रत्येक फेरी धातूच्या ताण-विकृतीच्या आलेखातल्या एकेका बंद वळशाशी जुळते, आणि झीज होते ती त्या वळशांतच. आज विमानापासून पवनचक्कीपर्यंत सगळीकडे हीच मोजणी चालते.

मायनरच्या बेरजेवर मात्र गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुख्य आक्षेप असा की बेरजेला क्रम कळत नाही. आधी जड भार आणि मग हलके, किंवा आधी हलके आणि मग जड, दोन्हीची बेरीज एकच येते. धातूला मात्र फरक पडतो. याचा सर्वांत महागडा दाखला कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाचा. १९५४ मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमाने हवेत फुटली, सुमारे १,२९० आणि ९०० उड्डाणांनंतर. त्याच रचनेच्या कबिनेचा चाचणीतला भाग मात्र दाबाच्या सोळा हजारांहून अधिक फेऱ्या टिकला होता. चौकशीत उलगडा झाला तो असा. चाचणीतल्या त्या भागावर थकव्याची चाचणी सुरू करण्यापूर्वी कामकाजाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन मजबुती पाहिली गेली होती. त्या एका जड भाराने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू थोडा ताणला जाऊन कायमचा दाबाखाली राहिला आणि तडे धरायला उशीर झाला. म्हणजे एका अतिभाराने आयुष्य वाढवले, आणि त्या वाढीव आयुष्यावर विसंबून विमाने उडत राहिली. असे असेल तर बेरीज सोडून द्यावी का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मायनर यांच्या स्वतःच्या चाचण्यांत तुकडे मोडताना बेरीज सुमारे ०.६ ते १.५ यांच्या दरम्यान आली. नंतरच्या प्रयोगांत हा पट्टा आणखी रुंद झाला, तरी पूर्णपणे मिसळलेल्या, यादृच्छिक भाराखाली क्रमाचा परिणाम बराचसा पुसला जातो, कारण जड आणि हलके भार सतत एकमेकांत मिसळून येतात. क्रमाची चूक धरून उत्तर दुपटीने इकडे-तिकडे होईल, असे समजू. प्रत्यक्ष भार धरलेल्या भारापेक्षा २० टक्के जास्त निघाला तर घनाने ७३ टक्क्यांची आणि पाचव्या घाताने अडीचपट चूक होते. ग्रामीण रस्त्यावर कोणत्या वाहनाचे वजन किती, हे न मोजता २० टक्क्यांच्या आत सांगणे कुणालाही शक्य नाही. मग आधी कोणती चूक दुरुस्त करायची, हे उघड आहे.

गणिताची एक सुंदर वाट भाराचा प्रत्येक क्षण मोजण्याची गरजच टाळते, आणि ती कुठे चालते, कुठे नाही, हे समजून घ्यायला हवे. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन राइस यांनी १९४४-४५ मध्ये विद्युत-संकेतांतल्या गोंगाटाचे गणित मांडले: एखादा यादृच्छिक संकेत कोणत्या कंपनवारंवारितांचा किती बनलेला आहे एवढे कळले, तर तो सेकंदाला किती वेळा शून्य ओलांडेल आणि किती शिखरे गाठेल हे सांगता येते. जेट विमानांच्या पत्र्यांसाठी हेच गणित थकव्याला लावले गेले. तुरान दिर्लिक यांनी १९८५ मध्ये वॉरिक विद्यापीठातील प्रबंधात असे सूत्र दिले, की नोंदीच्या वर्णपटावरून, म्हणजे तिच्यातल्या कंपनवारंवारितांच्या प्रमाणावरून, थेट पागोळी-मोजणीच्या जवळपास जाणारे उत्तर निघते. मुंबई हायच्या समुद्रातील तेलफलाटांचे पाय, साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्यांचे मनोरे, अशा ठिकाणी ही पद्धत शोभते. लाटांची किंवा वाऱ्याची स्थिती थोड्या काळापुरती साधारण स्थिर राहते, वर्षभरातल्या अशा स्थितींचे प्रमाण नोंदींवरून कळते, आणि संकेतांचे वितरण घंटेच्या आकाराच्या जवळ असते. खडबडीत पण एकसारख्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनासाठीही ती वापरता येते. पुण्यातील एआरएआय या १९६६ पासूनच्या वाहन संशोधन संस्थेत रस्त्यावर नोंदवलेला भार प्रयोगशाळेत पुन्हा वाजवून वाहनांचे भाग थकवले जातात. पण उसाच्या ट्रॉलीला आणि ती ज्यावरून जाते त्या पुलाला हे गृहीतक पेलत नाही. गतिरोधक आणि खड्डे यांचे हादरे घंटेच्या शेपटाबाहेरचे असतात. आणि वर्षातले चार महिने एक प्रकारचा भार, आठ महिने दुसऱ्याच प्रकारचा, अशा दोन जगांची एकच सरासरी काढली तर ती दोन्ही जगांत खोटी ठरते. हंगाम वेगळा धरावाच लागतो.

मग आपले मानक या रस्त्यांविषयी काय म्हणते? भारतीय रस्ते महासभेच्या आयआरसी ६ मध्ये थकव्याच्या तपासणीसाठी ४० टनांचा एक आदर्श ट्रक दिला आहे. बंदरे, अवजड उद्योग, खाणी अशा जिथे जड वाहने नेहमी जातात तिथल्या पुलांनी त्याची एक कोटी आवर्तने सोसावीत, इतर पुलांनी वीस लाख. आणि ग्रामीण रस्त्यांवरच्या पुलांची थकव्यासाठी आखणी करण्याची गरज नाही. ग्रामीण रस्ता म्हणजे हलकी वाहतूक, हे देशाच्या बहुतेक भागांत खरे आहे, म्हणून या सवलतीमागचा विचार अवाजवी म्हणता येत नाही. उसाच्या पट्ट्यात मात्र तो उलटा पडतो, कारण इथला अवजड उद्योग कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. त्याचा कच्चा माल थेट शिवारातून, गावरस्त्यानेच निघतो. एक धरलेला हिशेब करून पाहू. एखाद्या पुलावरून हंगामात रोज १०० भरलेल्या खेपा, १२० दिवस, म्हणजे वर्षाला १२,००० खेपा. आखूड अंतराच्या आडव्या तुळईला ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून तीन स्वतंत्र फेऱ्या जाणवतात असे धरले, तर वर्षाला ३६,००० आणि पन्नास वर्षांत १८ लाख. आकडा वीस लाखांच्या जवळ आला, तेवढ्याने निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक फेरीचा पल्ला आदर्श ट्रकच्या ०.७ पट असेल तर घनाने हे १८ लाख फक्त ६.२ लाखांइतके भरतात, आणि पूल निवांत आहे. तोच पल्ला १.२ पट असेल तर ते ३१ लाख होतात, आणि पूल पन्नाशीच्या आतच मर्यादा ओलांडतो. खेपा तेवढ्याच, ट्रॉल्या त्याच, फरक फक्त त्या किती भरल्या याचा. सवलत योग्य की अयोग्य, याचे उत्तर वजन कळल्याशिवाय देता येत नाही.

इथे जाणकार म्हणेल, की आमचे बहुतेक पूल काँक्रीटचे आहेत, ते कुठे थकतात? आक्षेपात तथ्य आहे. काँक्रीटच्या पुलाचे स्वतःचे वजन इतके असते की त्यापुढे वाहनाने होणारा ताणाचा पल्ला लहान ठरतो, आणि सळ्यांचे आयुष्य सहसा कुणाला मोजावेही लागत नाही. पण चाकाखालचा पातळ स्लॅब ही वेगळी गोष्ट आहे. त्याला प्रत्येक चाक वेगळे जाणवते. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून जड ट्रकांखाली रस्तेपुलांचे स्लॅब अपेक्षेच्या कितीतरी आधी फुटू लागले. पुढे फिरत्या चाकाच्या यंत्राने केलेल्या चाचण्यांत दिसले की स्लॅबवर पाणी साचलेले असेल तर आयुष्य अनेक पटींनी घटते, कारण तड्यात शिरलेले पाणी चाकाच्या दाबाने काँक्रीटची भुकटी करत जाते. निचऱ्याच्या नळ्या बुजलेल्या पुलावर भरल्या ट्रॉल्या चालवणे म्हणजे हाच प्रयोग. शिवाय सांधे, बेअरिंगे, पोलादी कठडे आणि ट्रॉलीची चेसिस, हूक, एक्सल या सगळ्या वस्तू पोलादाच्याच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: आपल्याकडे पूल थकव्याने पडत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला तो पुरात. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला तो गंजून खिळखिळा झालेल्या सांगाड्यावर पर्यटकांची गर्दी झाल्याने. मग चार पैसे असतील तर ते पायाच्या धुपेवर आणि गंजावर खर्च करावेत, थकव्याच्या गणितावर का? हा क्रम मला मान्य आहे. पुलाच्या पायाखालची वाळू किती शिल्लक आहे, हे आधी पाहावे. पण गंज आणि थकवा ही दोन वेगळी दुखणी नाहीत. गंजाने पडलेला प्रत्येक खळगा ही तडा धरायची तयार जागा असते आणि पातळ झालेल्या छेदात ताणाचा पल्ला वाढतो, म्हणजे घनाने हानीही. आणि या मोजणीला खर्च फारसा नाही, कारण तिचा अर्धा भाग आधीच झालेला आहे.

तो भाग म्हणजे साखर कारखान्यांचा वजनकाटा. प्रत्येक भरलेली गाडी गव्हाणीकडे जाण्याआधी काट्यावर उभी राहते आणि रिकामी होऊन परत काट्यावर येते. गाडी क्रमांक, तारीख, वेळ, भरलेले आणि रिकामे वजन यांची नोंद होते, कारण शेतकऱ्याचे आणि वाहतूकदाराचे पैसे त्यावर ठरतात. शिवाय ऊस कोणत्या गावच्या कोणत्या गटातून आला, हेही लिहिलेले असते, त्यामुळे गाडी कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या पुलावरून आली याचा अंदाज करता येतो. ज्या भारवितरणासाठी महामार्गांवर वजन-मोजणीची यंत्रणा बसवावी लागते, ते इथे हंगामागून हंगाम साठत आहे. रेल्वेत हा विचार नवा नाही. १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड–मनमाड मार्ग दौंडजवळ भीमा ओलांडतो. अशा मार्गांवर वर्षाला किती दशलक्ष टन वाहतूक गेली, याचा हिशेब रेल्वे ठेवते आणि पोलादी पुलांच्या उरलेल्या आयुष्याचा विचार त्या आकड्यावर आधारता येतो. त्याच नदीवरच्या रस्तेपुलांबाबत असा आकडा कुणी मागत नाही.

काट्याच्या नोंदीलाही मर्यादा आहेत. काटा वजन सांगतो, ताण सांगत नाही. दोन ट्रॉल्यांत वजन कसे वाटले, एक्सलवर किती आले, पुलाच्या तोंडाशी खड्डा असल्याने चाक किती आपटले, हे त्यात नाही. वाळू-खडीचे डंपर त्या काट्यावर येत नाहीत. कारखाना एखाद्या हंगामात बंद राहिला तर त्या भागातला ऊस दुसऱ्या दिशेने, दुसऱ्या पुलावरून जातो आणि मागच्या वर्षीचे वितरण गैरलागू होते. म्हणून काट्याच्या आकड्यांना जोड हवी ती मोजक्या ठिकाणच्या ताणमापक पट्ट्यांची. एका पुलाच्या चार-सहा नाजूक जागी त्या चिकटवून हंगामातले दोन आठवडे आणि हंगामाबाहेरचे दोन आठवडे नोंद घेतली, पागोळी-मोजणी केली आणि ओळखीच्या वजनाची एक भरलेली ट्रॉली पुलावरून सावकाश आणि वेगात नेऊन पाहिली, की टनावरून ताणाकडे जाणारा गुणक हाती येतो. मग उरलेल्या हंगामांसाठी काट्याची नोंद पुरेशी आहे. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवाक्यातले हे काम आहे.

एवढे करूनही उत्तर एक तारीख म्हणून येणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे धोक्याचे आहे. एकाच कारखान्यात, एकाच हाताने केलेले दोन वेल्ड एकाच भाराखाली दोन-तीनपट वेगळे आयुष्य देतात. म्हणून हिशेबाचे वाक्य असे लिहावे लागते: या भाराखाली अमुक जोडाला अमुक इतक्या आवर्तनांपर्यंत तडा न जाण्याची शक्यता ९५ टक्के आहे. ज्यांना ठाम आकडा हवा असतो त्यांना हे उत्तर अपुरे वाटते, पण तपासणी कधी करायची हे ठरवायला ते पुरते. ९५ टक्क्यांची रेषा ओलांडेपर्यंत त्या जोडाकडे नेहमीच्या नजरेने पाहिले तरी चालते. ओलांडल्यावर रंगद्रव्य लावून, भिंगाने, वेल्डच्या पायथ्याशी तडा शोधावा लागतो, आणि दोन तपासण्यांतले अंतर तडा सापडण्याजोगा झाल्यापासून धोकादायक होईपर्यंत जितक्या खेपा लागतात त्याहून कमी ठेवावे लागते. खेपा हंगामातच होतात, म्हणून इथे ते अंतर महिन्यांत न मोजता गाळपाच्या टनांत मोजणे सोयीचे. पुलांची पाहणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर करण्याची पद्धत आहेच. उसाच्या पट्ट्यातल्या पुलांसाठी पावसाळ्याआधीची पाहणी एप्रिल-मे मध्ये, शेवटची ट्रॉली गेल्यानंतर आणि भीमेला पाणी येण्यापूर्वी ठेवली, तर हंगामाचे नवे तडे कोरड्या पुलाखाली उभे राहून पाहता येतात, आणि पाहणी करणाऱ्याच्या हातात त्या हंगामाच्या काट्याची बेरीजही असू शकते.